रीतीचे चार गुण

आमच्या घरात 'निकाल' हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. माझे वडील गावच्या शाळेचे हेडमास्तर होते. आम्ही त्यांना दादा म्हणत असू, गाव गुरुजी म्हणे. माणूस तसा धीराचा. विंचू चावला तरी हाक न मारणारा. पण एप्रिल जवळ आला की त्यांचं जेवण कमी व्हायचं आणि जून उजाडेपर्यंत ते ताकभातावर यायचे. आई म्हणायची, "मुलांची परीक्षा आणि पोट मात्र यांचं बिघडतं."

शाळा लोकल बोर्डाची. प्रवरेच्या काठी, कोल्हारपासून पायी दीड तासावर. वर्ग सातवीपर्यंत. सातवीच्या शेवटी फायनलची परीक्षा असायची आणि ती शाळेत होत नसे. पेपर बाहेरून यायचा, सगळीकडे एकच, आणि तपासणारेही बाहेरचे. त्यामुळे मुलाला काय येतं यापेक्षा मास्तरानं काय शिकवलं, याचाच तो पंचनामा असे. फायनल पास झालेला मुलगा तलाठी होई, मास्तर होई. मुलगी असली तर पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात जाऊन शिक्षिका होऊ शके. आमच्या गावात तोवर अशी एकही मुलगी झाली नव्हती.

मी सातवीत होते ते दुसऱ्या महायुद्धाचे, लढाईचे दिवस होते. साखर रेशनवर, घासलेट रेशनवर, आणि कागद तर देवाच्या प्रसादासारखा मोजून मिळे. आदल्या वर्षी आमच्या शाळेतून सातजण फायनलला बसले होते आणि दोनच पास झाले होते. त्या निकालाचं भूत वर्षभर आमच्या घरात मुक्कामाला होतं. थंडीच्या दिवसांत डेप्युटीसाहेब शाळा तपासायला आले. गावातली माणसं त्यांना 'दिपोटी' म्हणत आणि ते दिसले की फौजदार आल्यासारखी घरात जात. तपासणी झाल्यावर साहेब आमच्याकडे जेवले. आईनं साठवणीतली साखर काढून शिरा केला होता. साहेब अंगणात हात धूत होते, मी तांब्यातून पाणी घालत होते, आणि दादा टॉवेल घेऊन शेजारी उभे होते.

"मास्तर," साहेब म्हणाले, "सातातले दोनच पास म्हणजे फारच झालं. यंदा तसंच झालं तर सातवीचा वर्ग इथून उचलून कोल्हारला जोडावा लागेल. आणि तुम्हालाही जरा हवापालट होईल. पाथर्डीकडे जागा रिकाम्या आहेत."

दादा "होय साहेब" म्हणाले. त्यांनी टॉवेल पुढं केला तेव्हा तो उलटा धरला होता, हे मला दिसलं. साहेब गेल्यावर आई म्हणाली, "शिरा खाऊन वर हे. निदान धमकी तरी जेवायच्या आधी द्यायची, मी पिठलं केलं असतं." दादा हसले नाहीत. पाथर्डीच्या बदलीचं भय होतंच, पण सगळं भय स्वतःपुरतं नव्हतं, हेही सांगायला हवं. सातवी कोल्हारला गेली तर मुलगे चालत गेले असते. मुलींना कुणी पाठवलं नसतं. मुलींचं शिक्षण सहावीत संपलं असतं, तेही कायमचं.

सातवीत आम्ही नऊजण होतो. सात मुलगे आणि दोन मुली. एक मी, आणि दुसरी गावच्या सुताराची मुलगी. ती माझी मैत्रीण. मैत्रीण म्हणजे कशी, तर तिच्याशी भांडल्याशिवाय मला जेवण गोड लागत नसे. ती माझ्यापेक्षा उंच, अंगानं दणकट, आणि बोलायला फटकळ. इतिहासातल्या लढाया ती डोळ्यांसमोर झाल्यासारख्या सांगायची. अक्षर असं की दादा तिची वही इतरांना दाखवत. गणितात मात्र आम्ही दोघी सारख्याच. माझं डोकं बंद पडायचं आणि तिचं घाईनं धावायचं. उत्तर दोघींचंही चुकायचं.

आम्ही अभ्यास तिच्या वडिलांच्या कामाच्या पडवीत करत असू. रंध्यानं निघालेल्या लाकडाच्या सालींचा ढीग पडलेला असायचा, त्यावर बसायचं. कागद नव्हता म्हणून तिच्या वडिलांची जाड पेन्सिल घेऊन फळकुटावर हौद-नळाची गणितं करायची. फळी भरली की ते येऊन त्यावरून रंधा फिरवत आणि फळी पुन्हा कोरी करून देत. एकदा फळी हातात घेऊन त्यांनी बराच वेळ आमचे आकडे पाहिले. म्हणाले, "येवढं सगळं करून हौद भरला का न्हाई?" ती म्हणाली, "भरला, पन सांडला." आम्ही तिघंही हसलो.

तिथंच एका दुपारी तिनं मला सांगितलं की केडगावच्या एका सुताराकडून तिला स्थळ आलंय. मी म्हटलं, "मग?"

"मंग काय. दादा म्हन्ले, फायनलला बसलीस तर त्यान्ला थांबा म्हन्तो. पास झालीस तर पुन्याच्या ट्रेनिंगचं बघू. आन न्हाई बसलीस तर उगं घरात ठिवून काय करायचं." तीही वडिलांना दादाच म्हणायची. मग सालीचं एक लांबलचक वेटोळं बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "मला मास्तरीन व्हायचंय. तू न्हाई झालीस तरी चालंल, तुजे वडील हायेत. मला व्हायलाच पायजे." हे ती माझ्यावर रागावूनच म्हणाली. मला तेव्हा राग आला होता. आज वाटतं, त्या वयात इतकं खरं बोलणारं माणूस मला पुढं फारसं भेटलं नाही.

आता दादांनी काय केलं ते सांगते. फायनलला कुणाला बसवायचं ते हेडमास्तरच ठरवत. फॉर्म त्यांच्या सहीनं जाई. पुष्कळ शाळांतून अशी रीतच पडली होती की आधी शाळेतच एक चाचणी घ्यायची, कच्ची मुलं गाळायची, आणि खात्रीची तेवढीच पाठवायची. निकाल बसलेल्या मुलांवर धरत, वर्गातल्या मुलांवर नाही. नऊजणांत दोन पास झाले तर मास्तर नालायक. दोघंच बसवले आणि दोघंही पास झाले तर मास्तर हुशार. दादा या प्रकाराला लबाडी म्हणत आले होते. आदल्या वर्षी त्यांनी सरसकट सगळ्यांना बसवलं आणि हात पोळून घेतले. यंदा त्यांनीही चाचणी घ्यायची ठरवली. सगळे करतात ते करायला ते शेवटी तयार झाले, आणि सवय नसल्यामुळे त्यांनी ते फारच नेटानं केलं.

गणिताचा पेपर त्यांनी आपल्या ट्रेनिंगच्या दिवसांतल्या एका जुन्या पुस्तकातून काढला. "इथं टिकेल तो तिथं टिकेलच," असं ते आईला म्हणाले. चाचणीच्या दिवशी त्यांनी गणितं फळ्यावर लिहिली आणि लिहिता लिहिता त्यांचा खडू दोनदा मोडला. आम्ही जुन्या हजेरीपत्रकांच्या पाठकोऱ्या कागदांवर उत्तरं लिहिली. एक गणित हौदाचं होतं. दोन नळ हौद भरतात, एक नळ रिकामा करतो, मधेच पहिला नळ बंद होतो, मग दुसऱ्याचा वेग निम्मा होतो, असं काहीतरी. असला हौद कुणी बांधला असेल तर त्याला गावाबाहेर काढायला हवं. मी घामाघूम झाले. शेजारच्या ओळीत माझी मैत्रीण पेन्सिल चावत होती. सुटल्यावर आम्ही उत्तरं ताडून पाहिली. हौदाचं उत्तर दोघींचं सारखंच आलं होतं. आम्हाला तेवढ्यानं बरं वाटलं.

रविवारी दुपारी दादा ओटीवर पेपर तपासत बसले. संध्याकाळी ते नदीवर गेले तेव्हा मी गठ्ठा उघडून पाहिला. हे चूकच होतं, पण माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर त्यानंही तेच केलं असतं. पास व्हायला पस्तीस गुण हवे होते. माझ्या कागदावर बत्तीस होते. तिच्या कागदावर तेहतीस. मी गठ्ठा जसाच्या तसा बांधला आणि मागच्या दारी जाऊन रडले. रडून झाल्यावर मनाच्या एका कोपऱ्यात हलकंही वाटलं. दोघीही राहिलो, म्हणजे दोघींचं भांडण नाही, आणि संगमनेरला जाऊन परीक्षेला बसायची धास्तीही नाही. तिच्या केडगावच्या स्थळाची आठवण मला त्या क्षणी झाली नाही. माझी पंधराव्या वर्षीची माया तेवढीच होती.

सोमवारी दादांनी वर्गात यादी वाचली. फायनलला बसणारे पाचजण. चार मुलगे आणि पाचवी मी.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. दादांनी यादीची घडी केली आणि ज्यांची नावं आली नाहीत त्यांना सांगितलं की तुम्ही पुढच्या वर्षी बसा. माझ्या मैत्रिणीकडे पाहून म्हणाले, "तू गणितात दोन गुणांनी राहिलीस." ती "व्हय गुरुजी" म्हणाली आणि पाटी पुसायला लागली. पाटी कोरीच होती.

घरी येऊन मी पुन्हा गठ्ठा काढला. माझ्या कागदावरचे बत्तीस खोडून छत्तीस केले होते. हौदाच्या गणितावरची लाल फुली तशीच होती, पण तिच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'रीत बरोबर, ४'. दादा चुकलेल्या उत्तराला कधी गुण देत नसत. रीत गेली उडत, उत्तर दाखव, असं ते म्हणायचे. मी तिचा कागद काढला. तेच गणित. आम्ही दोघींनी ती रीत एकाच फळकुटावर शिकलेली. पायरीला पायरी तीच आणि शेवटची चूकही तीच. तिथं लाल फुली होती आणि शून्य होतं.

आई चुलीपाशी भाकरी थापत होती. मी म्हटलं, "आई, दादांनी मला चार गुण वाढवून दिलेत."

"ठाऊक आहे," आई म्हणाली. "मीच म्हटलं त्यांना. परक्याच्या मुलांचे फॉर्म भरता आणि पोटच्या पोरीला घरी बसवता?"

"मग तिलाही द्यायला सांगायचं होतंस. तिला माझ्याहून एक जास्तच आहे."

आईनं भाकरी तव्यावर टाकली. "तुझ्या एकटीच्या धास्तीनं त्यांना दोन दिवस अन्न जात नाही," ती म्हणाली. "आणखी एक धास्ती कुठून आणू त्यांच्यासाठी?"

दादांपाशी मी हे बोलले नाही. बोलायला हवं होतं. 'तिलाही द्या' एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. पण मला पक्कं माहीत होतं की मी ते म्हटलं तर दादा शरमेनं माझेच चार गुण काढून घेतील. त्यांचा स्वभावच तसा होता. आणि यादीत नाव ऐकल्यापासून मला परीक्षेला बसायचं होतं. म्हणून मी गप्प राहिले. या गोष्टीची मला आजही लाज वाटते आणि ती वाटावी तेवढी वाटते.

दोन दिवसांनी तिचे वडील शाळेत आले. दाराबाहेर चपला काढून उंबऱ्याच्या आत उभे राहिले. मी पुढच्याच रांगेत होते.

"गुरुजी, पोरीचं काय म्हन्ता?"

दादा खुर्चीवरून उठले. "गणित कच्चं आहे तिचं. बसवली आणि नापास झाली तर उगाच नाव खराब होईल. पुढच्या वर्षी बघू."

"न्हाई जमायचं म्हन्ता?"

"यंदा नाही जमायचं."

"तुमी म्हन्ता म्हंजे तसंच आसंल," ते म्हणाले. "आमाला त्यातलं काय कळतंय." राग नाही, तक्रार नाही. जाता जाता त्यांचं लक्ष फळ्याच्या हलत्या घोडीकडे गेलं. खाली बसून त्यांनी तिचा निसटलेला पाय ठोकून घट्ट केला, दादांना नमस्कार केला आणि गेले. दादा त्या दिवशी फळ्यावर काही लिहू शकले नाहीत. आम्हाला वाचन करायला सांगून ते खिडकीपाशी उभे राहिले.

ती शाळेत येईनाशी झाली. मी दोनदा तिच्या घरी गेले. पहिल्यांदा ती गोवऱ्या थापत होती. "ये की," म्हणाली, पण सालींच्या ढिगावर बसली नाही. दुसऱ्यांदा म्हणाली, "तू आभ्यास कर जा. हितं कशाला येळ घालवतीस?" तिच्या आवाजात खोच असती तर मला सोपं गेलं असतं. ती खरंच माझ्या काळजीनं बोलत होती.

परीक्षा संगमनेरला होती. आम्ही पाचजण आणि दादा कोल्हारपर्यंत बैलगाडीनं गेलो आणि तिथून कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं. चढ आला की मोटार थांबायची आणि सगळ्यांना उतरून चालायला लागायचं. दादा दर वेळी आमच्या पिशव्या मोजत. धर्मशाळेत उतरलो. सकाळी दादांनी आम्हाला दहीपोहे खायला घातले आणि स्वतः नुसतं पाणी प्यायले. माझी अवस्था त्यांच्याहून वाईट होती. मुलगे नापास व्हायला भीत होते ते स्वतःसाठी. मला माझी भीती होतीच, वर ते चार गुण होते. मी गणितात नापास झाले तर दादांनी खोटे गुण दिले हे दादांनाही कळणार होतं आणि मलाही. मी पास झाले तरच ते खोटं खरं होणार होतं. आणि तसं झालं नाही तर तिची जागा मी फुकट घालवली, असं होणार होतं. मी त्या अनोळखी शाळेच्या बाकावर बसले.

गणिताचा पेपर हातात आला. मी तो वाचला. पुन्हा वाचला. मला वाटलं पान उलटायचं राहिलं, म्हणून उलटून पाहिलं. मागं काही नव्हतं.

पेपर सोपा होता.

सोपा म्हणजे आम्ही वर्षभर फळकुटांवर करत होतो तसा. हौदही होता, पण साधा माणसांचा हौद. दोन नळ सरळ भरत होते, बंद कुठलाच होत नव्हता. मी एकेक गणित सोडवत गेले आणि उत्तरं येत गेली. अर्धा तास उरला. तेवढ्यात सगळी गणितं पुन्हा पडताळून पाहिली. मग मात्र माझी मैत्रीण आठवली. हा पेपर तिनं सोडवला असता. हौदाचं गणित तर तिनं माझ्या आधी सोडवून, पेन्सिल खाली ठेवून, माझ्याकडे पाहून डोळे मोठे केले असते. माझ्या शेजारी संगमनेरचीच कुणी मुलगी बसली होती, तिनं माझ्याकडे पाहिलं तेव्हा मला कळलं की मी रडतेय. तिला वाटलं असेल, पेपर अवघड गेला.

बाहेर दादा लिंबाखाली उभे होते. "कसा गेला?"

"सोपा होता."

"सोपा म्हणजे?"

"तुमच्या पेपरपेक्षा पुष्कळ सोपा."

दादांनी माझ्या हातातला पेपर घेतला. लिंबाच्या सावलीत उभ्या उभ्या तो वाचला, मग पारावर बसून पुन्हा वाचला. एकेक मुलगा येऊन "गुरुजी, सगळी आली" असं सांगत होता. दादांनी एकाच्याही पाठीवर हात ठेवला नाही. पेपरची घडी करून त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. परतीच्या वाटेवर चढाला मोटार थांबली तरी त्यांनी आमच्या पिशव्या मोजल्या नाहीत. मुलांना वाटलं, गुरुजी दमलेत.

निकालाला दोन महिने होते. ते दोन महिने मी ज्या चमत्कारिक इच्छेत काढले ती कुणाला सांगायची सोय नव्हती. मला पास व्हायचं होतं, पण जेमतेम. पस्तीस पडावेत, फार तर छत्तीस. म्हणजे आपण काठावरून निसटलो, ती निसटली नसती, दादांचा अंदाज बरोबर होता, असं म्हणता आलं असतं. दादांचंही तसंच काही चाललं असावं. एरवी ते टपालवाल्याची वाट बघत वेशीपर्यंत जायचे. त्या वर्षी टपालवाला दिसला की ते आत जाऊन काहीतरी शोधायला लागायचे.

जूनच्या मध्यावर निकाल आला. शाळेच्या नावानं लांब लिफाफा, आत प्रत्येकाचे विषयवार गुण. पाचही पास. गावात असं कधी झालं नव्हतं. पाटील स्वतः शाळेत आले. कुणीतरी दादांना हार घातला. साखर कुठली मिळायला, म्हणून गूळखोबरं वाटलं. पुढं डेप्युटीसाहेबांचं पत्रही आलं, निकाल अत्यंत समाधानकारक, सातवीचा वर्ग चालू राहील, असं. पाथर्डी टळली. आईनं देवापुढं दिवा लावला आणि दादांना म्हणाली, "आता तरी पोटभर जेवा."

दादा ओटीवर लिफाफा घेऊन बसले होते. मला जवळ बोलावलं आणि गणिताच्या रकान्यावर बोट ठेवलं. मला एकसष्ट होते. बाकीच्यांना त्याहून जास्त, फक्त एका मुलाला चोपन्न. सगळ्यात कमी ते.

"पेपर मी फार अवघड काढला," दादा म्हणाले. "नऊच्या नऊ बसवले असते तरी..." थोड्या वेळानं उठले, कोट घातला, पागोटं घातलं. मी विचारलं कुठं, तर म्हणाले, "सुताराकडे." मी दारातून पाहत राहिले. ते मारुतीच्या देवळापर्यंत गेले. तिथं पाराला टेकून थोडा वेळ थांबले आणि परत आले. पागोटं खुंटीला लावलं. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तूच जा. गूळखोबरं देऊन ये."

मला त्यांचा राग आला, फार आला. ज्याची चूक त्यानं जावं. पण त्यांचं तोंड पाहवत नव्हतं, म्हणून मी वाटी घेतली आणि निघाले. वाटेत ठरवलं होतं की सगळं सांगून टाकायचं. बत्तीस, तेहतीस, रीत बरोबर, सगळं.

सुताराच्या पडवीत नवा पाट तयार होत होता. तिचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं, केडगावलाच. तिचे वडील पाटावर रंधा मारत होते आणि ती उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. मला पाहून ती उठली. वाटी घेतली, आत ठेवली, बाहेर आली. "पास झालीस ना?" म्हणाली. "मला कवाच कळलं. गावभर झालंय." मग तांदळाचं सूप बाजूला सारून मला बसायला जागा करून दिली.

ती सुपातला एकच खडा बोटानं इकडून तिकडे ढकलत होती.

"गनितात किती पडलं तुला?" तिनं विचारलं.

तिनं ते अगदी सहज विचारलं असं दाखवलं. पण पडवीतला रंधा थांबला. तिचे वडीलही ऐकत होते. ती माझ्याकडे पाहत नव्हती, सुपाकडे पाहत होती, आणि तिचा कान लाल झाला होता. मला एकदम कळलं की हा प्रश्न ती दोन महिने धरून बसलीय. एकसष्ट हा आकडा माझ्या ओठांवर होता. तो उच्चारला असता तर ती तो घेऊन केडगावला गेली असती, आणि जन्मभर तिथं तिच्यापाशी तोच राहिला असता.

"अडतीस," मी म्हणाले.

तिनं मान वर केली. "आडतीसच?"

"हो. पेपर फार अवघड होता. मी जेमतेम निघाले."

मग तिचे खांदे सैल झाले. मोठा श्वास सोडून ती म्हणाली, "मंग माजं काय खरं नव्हतं. तुला आडतीस, म्हंजे मी तर गेल्तेच." आणि पडवीकडे वळून म्हणाली, "ऐकलं का दादा? हिलाच आडतीस पडले."

"आगं मंग," तिचे वडील म्हणाले, "गुरुजीला समद्यांची नाडी ठावं हाय. उगं का आडवलं त्येंनी." त्यांनी रंधा पुन्हा चालू केला.

"बरं झालं तू सांगितलंस," ती मला हळूच म्हणाली. "मला सारखं वाटायचं, आपुन बसलो आसतो तर झालो आसतो. आता न्हाई वाटायचं."

मी हो म्हणाले. ती आत गेली, गूळखोबऱ्याची वाटी घेऊन आली, त्यातलं अर्धं माझ्या हातावर ठेवलं आणि अर्धं स्वतः खायला लागली.